पट्टी डावीकडे नेऊ नये

९ सप्टेंबर

बाबा,

फोन उचलणार नाही म्हणजे नाही, असं तुम्ही शेजारच्या काकूंकरवी कळवलंत, तेव्हा हे पत्र. पाकीट विकत घ्यायला दोन गल्ल्या हिंडावं लागलं. दुकानदाराने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्याकडे कंदिलाची वात मागितली.

तुम्ही विचारलंत, दुसऱ्या वर्षाला नक्की शिकवतात काय, दुकानात लोक विचारतात त्यांना काय सांगू. सांगा की मुलगी डॉक्टरांसाठी चित्रं काढायला शिकते. पहिलं वर्ष शरीरशास्त्राच्या हॉलमध्ये, स्टुलावर बसून, पेन्सिल घेऊन गेलं. तिथला धडा असा, की समोर मेलेलं असतं आणि कागदावर जिवंत काढायचं असतं. करड्या मांसाला रंग आपण द्यायचा. उजेड कायम वरून, डाव्या बाजूने. आणि तीळ, व्रण, वाकडं नख, म्हणजे जे जे त्या एकाच माणसाचं असेल, ते गाळायचं. मला गाळायला फार जड जायचं. आमच्या बाई मागून येऊन म्हणायच्या, "हा हात कुणाचा नाही, हा फक्त हात आहे. खोड ते." त्यांना सगळे खोडरबर बाई म्हणतात. त्यांनाही ते ठाऊक आहे.

यंदा कॉम्प्युटर. सीटी स्कॅनमध्ये माणसाचे पातळ काप निघतात, ब्रेडच्या लादीसारखे. ते एकावर एक रचले की स्क्रीनवर अख्खं माणूस उभं राहतं. खाली एक पट्टी असते. ती उजवीकडे नेली की नुसती हाडं उरतात. डावीकडे आणली की हाडांवर मांस चढतं, अजून डावीकडे आणली की कातडी. कामाची रीत ठरलेली आहे. जे पेशंटचं नाही ते आधी पुसायचं: उशी, पट्टा, नळ्या, खालचा पलंग. त्याला आम्ही कचरा म्हणतो. डोक्याचा स्कॅन असेल तर दुसरं काम चेहरा पुसण्याचं. कारण आमच्याकडे स्कॅन येतात ते नाव खोडून येतात, पण चेहरा आत तसाच असतो.

गेल्या आठवड्यात मला जबड्याचा सांधा करायचा होता. चेहरा नंतर पुसू म्हटलं. कोपर लागलं आणि पट्टी थेट डावीकडे गेली. स्क्रीनवर एक बाई आली. डोळे मिटलेले, डोक्यावर एकही केस नाही, कारण केस स्कॅनमध्ये येत नाहीत. ओल्या मातीची असावी तशी कातडी. आपण हाक मारली तर उठेल इतकी ती झोपलेली होती, बाबा. माझा हात पट्टीवरून हलेना. मागून बाईंनीच ती परत ओढली आणि विचारलं, "तिला विचारलं होतंस का?"

तेव्हापासून बसमध्ये समोर बसलेल्या बायका मला टकल्या दिसतात. हसू नका.

तुमची,
चिंगी


२० सप्टेंबर

चि. चिंगी,

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा अक्षरासाठी. सुधारणा शून्य. एवढी चित्रं काढतेस आणि तुझा 'ळ' अजून लंगडतोच आहे.

त्या पट्टीचं वाचून मी दुपारनंतर दुकान उघडलं नाही. तुला एक सांगतो, पण लगेच कुणाला डॉक्टरकडे घेऊन जायला पाठवू नकोस. ही जाऊन दोन वर्षं झाली, तरी आतल्या खोलीतून हाक मारते. भास आहे, मला कळतं. चष्मेवाला आहे मी, दिसणं आणि असणं यातला फरक विकूनच तुला वाढवलंय. पण हाक येते. "अहो." तेवढीच. हिच्या 'अहो'पुढे कायम काहीतरी असायचं. अहो, दूध उतू जातंय. अहो, दार लावा. आता नुसतं "अहो", आणि पुढे काही नाही. मी उठतो, दारात जाऊन उभा राहतो आणि पुढचं ऐकू येईल म्हणून थांबतो. मग परत येऊन बसतो. मागच्या आठवड्यात अशाने भाजी करपली.

फोटो म्हणशील तर ढीगभर आहेत. पण फोटोत ही ही नसतेच. कॅमेरा दिसला की पुढचा दात झाकायला ओठ आवळायची, शाळेच्या हेडबाई बसल्यासारखी. मला जो चेहरा हवाय तो वेगळा. दुकानात नवी फ्रेम आली की मी आधी हिच्या नाकावर बसवून बघायचो. काचा घासून घासून, पाण्यात धुवून माझे हात कायम गार. ही डोळे मिटून चेहरा पुढे करायची, आणि बोट लागलं की म्हणायची, "काचा धुवून आलात का?" इतकी वर्षं, दरवेळी तेच. तो डोळे मिटलेला चेहरा एकाही फोटोत नाही, आणि आता तो माझ्या डोक्यातूनही निसटत चाललाय. कान आठवतो, भुवया आठवतात, एकत्र येत नाहीत.

हिचा स्कॅन घरात आहे. सोबत डिस्क पाठवतोय. ती पट्टी डावीकडे आण आणि जे दिसेल त्याचा एक कागद मला पाठव. एवढंच मागतो.

तुझ्या मावशीला यातलं काही कळवू नकोस. त्या दिवशी आतमध्ये स्कॅन चालू असताना ती बाकावरून उठून निघून गेली. माणूस कसं आहे ते अशाच वेळी कळतं. दोन वर्षं मी तिचं तोंड पाहिलेलं नाही आणि पाहायचंही नाही.

आशीर्वाद.
बाबा


४ ऑक्टोबर

बाबा,

डिस्क मिळाली. खणात, मोज्यांखाली ठेवली आहे. मला ते जमणार नाही.

रागावू नका. मी बाईंना आडवळणाने विचारलं. त्यांना आडवळण कळतं. म्हणाल्या, आपल्या माणसाचा स्कॅन उघडू नये. का, ते सांगितलं नाही, चहा संपवून निघून गेल्या. इथे मी पुसायचं काय आणि ठेवायचं काय एवढंच शिकते. आईच्या बाबतीत ते मी कसं ठरवू?

आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटते. मी पोचले तोपर्यंत तिचं ऑपरेशन झालं होतं. डोकं भादरलेलं, पट्ट्या बांधलेल्या. तुम्ही तिला बोलता-चालताना स्कॅनच्या दारापर्यंत तरी पाहिलंत. माझ्याकडे शेवटचा चेहरा तो तेवढाच आहे. स्क्रीनवरही तिला केस नसणार, बाबा. तो चेहरा मला पुन्हा पाहायचा नाही.

भाजी मंद आचेवर ठेवत जा.

चिंगी


१३ ऑक्टोबर

चि. चिंगी,

ठीक. जबरदस्ती नाही. सवड होईल तेव्हा डिस्क परत पाठव, नीट बांधून.

ती इथून गेल्यापासून हाक आलेली नाही. मला बरं वाटायला हवं होतं. घर फार मोठं वाटतं.

बाबा


६ नोव्हेंबर

बाबा,

मी उघडली.

तुमचं ते शेवटचं पत्र पंधरा दिवस माझ्या वहीत होतं. काल जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेले आणि मी डिस्क लावली. आधी रीतीप्रमाणे पट्टी उजवीकडे, हाडांवर ठेवली. कवटी. ती मला ओळखीची नव्हती, त्याचं बरंच वाटलं. उशी पुसली, कपाळाचा पट्टा पुसला, उजव्या बाजूला काही वेडंवाकडं होतं, बहुतेक नळ्या, नीट न बघताच तेही पुसत गेले. मग पुढचा दात दिसला. बाजूच्या दातावर चढलेला. बाबा, ती तो जन्मभर झाकत होती आणि मी त्यावरून तिला ओळखलं.

मग पट्टी डावीकडे नेली.

केस नव्हते. पण दवाखान्यातल्यासारखी दिसली नाही. डोळे मिटलेले, गाल जरा खाली ओघळलेले, भुवयांच्या मधे आठी. तुमची फ्रेम बसवून घेताना दिसत असेल तशीच, असं मला वाटतं. फक्त तोंड स्वच्छ आलेलं नाही. स्कॅन चालू असताना माणूस हललं की तेवढा भाग पुसट, दुहेरी येतो. तिचे ओठ दुहेरी आलेत. हलू नका, बोलू नका असं बजावलेलं असतं. ती ऐकणार थोडीच. ती बोलत होती.

आणि आता मुख्य गोष्ट. तिच्या उजव्या कानशिलावर मला तीन बोटं दिसली. मी हादरलेच. मला वाटलं यंत्राची चूक. जवळ जाऊन पाहिलं तर नखं आहेत, पेरं आहेत. कुणीतरी तिचं डोकं हाताने धरून ठेवलंय. ज्याला नळ्या समजून मी पुसत होते तो हात होता. उरली ती तीनच बोटं.

तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत की तुम्ही आत होता. मला इतके दिवस वाटायचं की ती त्या यंत्रात एकटी होती. रात्र रात्र मी तेच मनात धरून बसायचे. बाबा, तुमचा हात आहे तिथे. काल मी त्या तीन बोटांकडे बघून पोटभर रडले आणि मग जेवले.

चेहऱ्याचा कागद सोबत आहे. तोंडाचा भाग मी तसाच ठेवलाय.

चिंगी


१५ नोव्हेंबर

चिंगी,

मी आत नव्हतो.

कागद पाहिला. चेहरा तिचाच आहे. तो मी कपाटात ठेवला, बाहेर काढला, परत ठेवला. पण ती बोटं माझी नाहीत.

काय झालं ते ऐक. तिला आत नेलं आणि सीटीवाल्याने दार लावून घेतलं. नातेवाईक बाहेर. दार लागता लागता तिने हाक मारली, "अहो." पुढचं दाराने तोडलं. मी दारावर हात ठेवून उभा राहिलो. ठोठावलं नाही. शिस्तीचा माणूस ना मी. मग तुला कळवावं म्हणून खाली अंगणात गेलो, वर रेंज नव्हती. खालीही नव्हती. तो फोन डोक्यावर धरून वेड्यासारखा फिरत होतो. वर आलो तोवर तिला तिथूनच परस्पर ऑपरेशनला नेलं होतं, आणि बाकावर तुझी मावशीही नव्हती. त्यानंतर ही शुद्धीवर आली नाही. त्या फोनला मी परत हात लावला नाही तो यामुळे, तुला वाटतं तसा कंजूषपणामुळे नाही.

तर तो हात कुणाचा, चिंगी? यंत्र चालू असताना आत कुणी थांबत नाही म्हणतात. सीटीवालाही काचेमागे असतो. पुरुषाचा हात आहे की बाईचा, ते तरी तुला सांगता येईल?

हाक पुन्हा सुरू झाली आहे. आता मला दारात उभं राहायचीही भीती वाटते. आत तिच्याजवळ कोण बसलंय, असं मनात येतं.

बाबा


२४ नोव्हेंबर

बाबा,

तुम्ही घाबरू नका. घाबरण्यासारखं आत कुणी नाही. कोण आहे ते मला कळलं.

मी सगळं पहिल्यापासून उघडलं. मूळ काप पुसले जात नाहीत, पुसतो ती आपली प्रत. या वेळी काही म्हणजे काही पुसलं नाही, उशीसुद्धा ठेवली. पूर्ण हात आला. पट्टी उजवीकडे नेली, नुसती हाडं ठेवली. वर्षभर हातच काढलेत मी, मला तेवढं कळतं. लहान हात आहे, बाईचा. करंगळीचं मधलं हाड लहानपणी मोडून वाकडं जुळलेलं, टोक आत वळलेलं. असं हाड मला कुणी चित्रात काढू दिलं नसतं, ते एकाच माणसाचं आहे.

तुम्हालाही ठाऊक आहे कुणाचं. आईनेच लहानपणी कपाटाचं दार लावताना चिरडलेली करंगळी. मावशी कपड्याचं माप घेताना ती करंगळी माझ्या गळ्याला टोचायची आणि मी ओरडायचे.

ती पळून गेली नव्हती, बाबा. ती आत होती. मी तिला लिहिलं आहे. तुम्ही नको म्हणाला होतात, पण आता ते चालणार नाही.

चिंगी


८ डिसेंबर

प्रिय चिंगी,

तुझं पत्र आलं आणि दुसऱ्या दिवशी भाऊजी दारात. ना नमस्कार, ना कशी आहेस. म्हणाले, "करंगळी दाखव." मी शिवणाच्या मशीनवरून उठलेले, गळ्यात टेप. मला वाटलं माणूस कामातून गेला. दाखवली. तिच्याकडे बघत उंबऱ्यातच खाली बसले. मी पाणी दिलं. ते पिऊन म्हणाले, "मी तुला सगळ्यांसमोर पळपुटी म्हणालो." मी म्हटलं, म्हणालात खरं, आणि आवाजही मोठा होता.

तुला नीट सांगते. भाऊजी खाली गेले आणि सीटीवाला चिडून बाहेर आला. म्हणाला, त्या स्वस्थ पडत नाहीत, स्कॅन वाया जातोय, कुणीतरी डोकं धरायला या. बाकावर मीच. त्याने माझ्या गळ्यात तो शिशाचा एप्रन अडकवला, इतका जड की माझे गुडघे वाकले. आत बर्फासारखी थंडी होती, आणि भीतीने माझी बोटं गारठून गेली होती. ताईचे डोळे मिटलेले, कपाळाला पट्टा. सारखी भाऊजींना हाका मारत होती. मी कानशिलावर हात ठेवला तशी थांबली. थरथर थांबली, श्वास संथ झाला. मग एकदाच बोलली. तिला वाटलं तेच आलेत. "ताई, मी आहे" हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ती इतकी निवांत झाली, की मी गप्प राहिले. मला नाही सांगवलं गं. मग आतल्या दाराने तिला नेलं, तिने माझं बोट धरून ठेवलं होतं, म्हणून मीही तशीच लिफ्टपर्यंत गेले. परत आले तर भाऊजी पेटलेले.

तेव्हाच का नाही सांगितलं, असं तू विचारलंस. सांगायला तोंड उघडलं असतं, तर पहिलं हे सांगावं लागलं असतं की भाऊजी, ती तुमच्या नावाने हाका मारत होती आणि तुम्ही नव्हता. ते त्यांना सोसलं नसतं. त्यापेक्षा मी पळपुटी बरी. माझं काय जातंय, मला कुठे निवडणूक लढवायची आहे.

परवाही त्यांनी विचारलं, ही काय बोलली. मी म्हटलं, काही नाही, नुसती कण्हत होती. तू पण तसंच सांग. तसं त्यात सांगण्यासारखं काही नव्हतंच. मेंदूत रक्त उतरलेलं, भ्रमात होती बिचारी. म्हणाली, "अहो, काचा धुवून आलात का?" कसल्या काचा, कुणास ठाऊक. घरच्या खिडक्या तिच्या डोक्यात असतील.

तब्येतीला जप. बारीक झाली असशील, नवीन माप पाठव.

तुझी,
मावशी


१६ डिसेंबर

बाबा,

मावशीने तुम्हाला सांगितलं की आई काही बोलली नाही. ते खरं नाही. मावशीवर चिडू नका. तिने तुम्हाला जपायला लपवलं, आणि तिला वाटलं ते भ्रमातलं बोलणं आहे. तिने मलाही लपवायला सांगितलंय. पण काय पुसायचं आणि काय ठेवायचं, हे या वेळी मी ठरवते आहे.

आत खूप थंडी होती. मावशीची बोटं गारठलेली होती. आईचे डोळे मिटलेले होते. ती तुम्हाला हाका मारत होती, आणि ती गार बोटं कानशिलाला लागल्यावर शांत झाली. मग ती म्हणाली,

"अहो, काचा धुवून आलात का?"

मावशीला याचा अर्थ लागला नाही. तिला मी अजून सांगितलेला नाही. तो तुम्ही सांगा.

चिंगी


२९ डिसेंबर

चि. चिंगी,

पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला.

मावशी रविवारी आली होती. तिला पुढे दुकानात नेलं, काचा घासायचं चाक दाखवलं, पाणी दाखवलं. माझे हात तिच्या हातात दिले आणि ते वाक्य कसलं ते सांगितलं. ती हात धरूनच म्हणाली, भाऊजी, हे तर माझ्याहून गार आहेत. तिला जवळचं दिसत नाही आणि सुईत दोरा ओवते अंदाजाने. फ्रेम बसवून दिली. डोळे मिटून चेहरा पुढे केला तेव्हा भुवयांच्या मधे अगदी हिच्यासारखीच आठी पडली. मला हात आवरून घ्यावा लागला.

तू काढलेला तो कागद मी पाकिटात घालून बंद केलाय. डिस्क तुझ्याकडेच ठेव, पण पट्टी परत डावीकडे नेऊ नकोस. आपण तिला विचारलं नव्हतं.

हाक अजून येते. काल संध्याकाळी आली. मी चाकावरून उठलो, हात न पुसता आतल्या खोलीत गेलो, दारात न थांबता पलंगापर्यंत गेलो, आणि म्हणालो, हो, आत्ताच धुवून आलो.

बाबा